पटिंगचा सराव घराच्या आवारात होतो, फक्त तो मोजून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर गोल्फ येतं ते निकालापुरतं. कोण जिंकलं, पारपेक्षा, म्हणजे मैदानाला ठरलेल्या फटक्यांपेक्षा, किती कमी फटक्यांत जिंकलं, बक्षीस किती, एवढ्यावर बातमी संपते. हा खेळ शिकायचा कसा, याची ओळही सापडत नाही. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यात एखाद्या पोरानं किंवा पोरीनं हातात पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून लोळवायची काठी, घेतला की पहिला प्रश्न येतो, "पण मैदान कुठं आहे?" लांब फटक्यांपुरता हा प्रश्न रास्त आहे. पटिंगला, म्हणजे पटरनं चेंडू लोळवत होलच्या खड्ड्यात टाकण्याला, तो लागू नाही. १८ होलच्या, ७२ पारच्या मैदानाचा हिशेबच मुळी प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके, धरून केलेला असतो, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचं पदक एका फटक्यानं हुकलं आणि ती चौथी आली. तिथल्या बऱ्याच खेळाडूंचे लांब फटके तिच्यापेक्षा पुढं जात होते. शेवटपर्यंत ती शर्यतीत टिकली ती पटरच्या जोरावर. खेळाचा हा भाग घराच्या आवारात, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, रिकाम्या खळ्यावर शिकता येतो. तो नीट कसा शिकायचा, हे सविस्तर छापलं जावं म्हणून हे पत्र.

सुरुवात जमिनीपासून. ३५ फूट लांब आणि ६ फूट रुंद पट्टी पुरते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून काळ्या मातीवर थेट सारवलेली पट्टी मार्चनंतर निकामी होते. चार इंच माती काढून तिथं मुरूम भरावा. हिशेबानं ७० घनफूट मुरूम लागतो. पण धुमसानं ठोकल्यावर तो बसतो, तेव्हा पाऊण ते एक ब्रास धरून चला. पाणी मारून, ठोकून, वर बोटभर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा थर द्या आणि मग सारवा. शेणात कुटाराच्या काड्या राहू देऊ नका, काडीवरून चेंडू उडी मारतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. हातानं सारवताना बोटांचे अर्धगोल वळ उमटतात. घराच्या अंगणात ते छान दिसतात, पण हळू झालेला चेंडू त्या वळांत शिरून वाट बदलतो आणि शिकणारा बिचारा आपल्याच हाताला दोष देत बसतो. म्हणून शेवटचा हात ओल्या गोणपाटानं, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं, एकाच ओढीत फिरवावा.

होलचा नियमातला व्यास १०८ मिलिमीटर आणि खोली कमीत कमी १०१.६ मिलिमीटर, म्हणजे चार इंच. शेतात पाण्यासाठी वापरतात त्या चार इंची पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर असतो. भिंतीची जाडी वजा जाता आतून तो खऱ्या होलपेक्षा किंचित लहान भरतो. सरावाला हे चांगलंच. त्याचा सहा इंचांचा तुकडा कापून पुरा. तळाला थोडी गिट्टी टाकली की पाणी मुरतं. पाइपचा काठ जमिनीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढाही येता कामा नये, नाहीतर बरोबर आलेला चेंडूही काठावरून परत फिरतो. जमलं तर शेजारी ९० मिलिमीटर पाइपचा दुसरा होल करा. त्यात महिनाभर सराव केलेल्याला खरा होल मोठा दिसू लागतो.

चेंडू बहुधा जुने, कुणी वापरलेले मिळतात. चिरलेला चेंडू बाजूला टाका. उरलेल्यांची एक सोपी परीक्षा आहे. लिटरभर पाण्यात पाव किलोच्या आसपास मीठ विरघळवलं की गोल्फचा चेंडू तरंगतो. वर आलेल्या भागावर पेनानं ठिपका द्या आणि चेंडू बोटानं फिरवून सोडा. तीन-चारदा तोच ठिपका वर येत असेल तर चेंडूची एक बाजू जड आहे. असा चेंडू सपाट जमिनीवरही शेवटच्या दोन फुटांत वाकतो. पटिंगच्या सरावाला तो घेऊ नये.

पटर मोठ्या माणसाचा ३३ ते ३५ इंच लांब असतो. साडेचार फूट उंचीच्या मुलाला तो लांब होतो. दांड्याचं टोक पोटाला अडतं आणि मूल तेवढं टाळण्यासाठी कोपरं बाहेर काढतं. अशा मुलाला २८ इंचांच्या आसपासचा पटर द्यावा. जुना पटर कापून लहान केला तर डोकं हाताला हलकं लागतं आणि झोका घाईचा होतो, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला शिशाची पट्टी चिकटवून वजन भरून काढावं. वाकवलेल्या सळईवर किंवा काठीवर शिकवू नका. पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सपाट नसेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट जातं.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. पाय खांद्यांइतके फाकलेले, चेंडू मध्यापासून चेंडूभर पुढच्या पायाकडे, डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा जरासे आतल्या बाजूला. दोन डोळ्यांच्या मधून एक चेंडू खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित अलीकडे पडला पाहिजे. पलीकडे पडला तर मान फार पुढं झुकली आहे आणि होलची रेषा डोळ्यांना तिरपी दिसणार. वीतभर आरसा जमिनीवर ठेवून त्यात आपले डोळे रेषेवर दिसतात का, हेही पाहता येतं. झोका खांद्यांनी घ्यायचा, मनगटांनी नाही. हे सांगून पटत नाही, म्हणून तुराटीचा वीतभर तुकडा डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला दोन रबरांनी असा बांधा की त्याचं अर्धं टोक तळहाताच्या मागं येईल. मनगट मोडलं की तुराटी हाताला टोचते. डावखुऱ्यानं उजव्या मनगटाला बांधावी. दहा मिनिटांत जी गोष्ट कळते, ती तोंडानं सांगून महिनाभर कळत नाही.

आता दिशेचा हिशेब. चेंडू कुठं निघणार हे बव्हंशी लागण्याच्या क्षणी पटरचं तोंड कुठं आहे यावर ठरतं. झोक्याच्या वाटेचा वाटा त्यात थोडा असतो. दहा फुटांवरून पटरचं तोंड एक अंशानं चुकलं तर होलपाशी चेंडू सुमारे २.१ इंच बाजूला जातो. होलचं अर्धं तोंड २.१२५ इंच आहे. म्हणजे दहा फुटांवर एका अंशाची चूक चेंडूला थेट काठावर नेऊन ठेवते. पाच फुटांवर मात्र जवळजवळ दोन अंशांची चूक चालून जाते. म्हणून लक्ष्य एकच ठेवावं: एका अंशाच्या आत.

ते मोजायला यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली एक मीटरची, तीन सेंटीमीटर रुंद स्टीलची पट्टी घ्या. सपाट जमिनीवर ठेवा, एका टोकाला मधोमध चेंडू ठेवा आणि असा पट मारा की चेंडू पट्टीवरूनच पलीकडच्या टोकाला उतरेल. मीटरभरात दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला तर तो कडेवरून पडतो, आणि मीटरला दीड सेंटीमीटर म्हणजे एका अंशाहून जरा कमी. दहापैकी दहा चेंडू टोकापर्यंत गेले तर दहा फुटांपर्यंतची दिशा हातात आली असं समजावं. सुरुवातीला दहापैकी तीन जातात. तिथं धीर सोडू नये. पट्टी नसेल तर चेंडूपुढं बरोबर एक फुटावर, दोन इंच अंतर ठेवून दोन लांब खिळे रोवा. चेंडू १.६८ इंचांचा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना १६ शतांश इंच जागा उरते. हीसुद्धा एका अंशाच्या आतलीच परीक्षा.

चेंडू खिळ्याला लागला तर का लागला हे शोधल्याशिवाय पुढचा मारू नका. चुलीतली चाळलेली राख चेंडूपुढच्या दोन फुटांत चिमटीनं भुरभुरा. चेंडू गेल्यावर राखेत त्याची ओळ उमटते. खाली वाकून पाहा. ओळ पहिल्याच वितीत उजवीकडे निघाली असेल तर पटरचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं लागलं. डावीकडे निघाली असेल तर मिटलेलं, म्हणजे डावीकडे वळलेलं. (डावखुऱ्यानं उलट वाचावं.) ओळ सरळ आहे, पण पहिले तीन-चार इंच राख तशीच कोरी आहे, असं दिसलं तर चेंडू लोळला नाही, उडाला. पटरच्या तोंडाला तीन-चार अंशांचा उतार दिलेला असतो, तो गवतात किंचित रुतलेला चेंडू उचलण्यापुरता. टणक जमिनीवर त्यात हात पुढं नसतील किंवा चेंडू फार पुढं ठेवला असेल तर तो उडतो. चेंडू अर्धा इंच मागं घ्या आणि राख पुन्हा पाहा. चेंडू पटरच्या मधोमध लागतो की टोकाला, हे पाहायला चेंडूवर ओल्या चुन्याचा बारीक ठिपका लावा आणि तो ठिपका पटरकडे करून मारा. तोंडावर उमटलेला डाग सगळं सांगतो. टोकाला लागलेला चेंडू कमी पळतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं जोर कमी पडला.

जोराचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. शिकणारे नव्वद टक्के वेळ दिशेवर घालवतात आणि तीन-तीन पट घेतात ते लांबीच्या चुकीनं. २५ फुटांवरून दिशा चुकली तर चेंडू फार तर फूट-दीड फूट बाजूला जातो, पण जोर चुकला तर तो पाच-सहा फूट अलीकडे राहतो किंवा पुढं पळतो. चेंडू होलमध्ये पडला नाही तर पुढं फूट-दीड फुटावर थांबावा, इतका जोर चांगला. त्याहून हळू आलेला चेंडू शेवटी जमिनीच्या प्रत्येक खाचेनं वळतो, आणि त्याहून जोरात आलेल्याला होलचं तोंड लहान होतं, कारण तो पडायच्या आत काठ ओलांडतो.

मुलांची एक गल्लत समजून घेतली पाहिजे. अंतर दुप्पट झालं की ती पटर मागं दुप्पट नेतात आणि चेंडू आवाराबाहेर जातो. झोक्याची लय तीच ठेवली तर चेंडूचा वेग झोक्याच्या लांबीप्रमाणे वाढतो, पण चेंडू लोळतो ते अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणजे मागचा झोका दुप्पट केला की चेंडू सुमारे चौपट जातो. पाच फुटांना पटर सहा इंच मागं जात असेल, तर वीस फुटांना बारा इंच पुरे. आकडे प्रत्येकाच्या जमिनीचे निराळे येतील, प्रमाण मात्र हेच. लय मोजायची तर मागं जायला जेवढा वेळ, त्याच्या निम्म्या वेळात पटर चेंडूवर यावा. "एक-दोन" मागं जाताना आणि "तीन" लागताना, असं मनात म्हणत राहावं. सर्वांत मोठा दोष म्हणजे पटर लांब मागं नेऊन भीतीनं चेंडूपाशी आवरता घेणं. तिथंच तोंडही वळतं आणि जोरही जातो.

सरावाला १०, १५, २०, २५ आणि ३० फुटांवर चुन्याच्या आडव्या रेघा मारा. पहिला चेंडू दहाच्या रेघेपलीकडे पण दीड फुटाच्या आत थांबला पाहिजे, दुसरा पंधराच्या, असं तीसपर्यंत. चुकला की पुन्हा दहापासून. पाय तिथंच ठेवून पाच चेंडू एकाच रेघेवर मारत बसू नका. दुसरा चेंडू पहिल्याचं पाहून सुधारतो. स्पर्धेत पहिलाच मोजला जातो.

सारवलेली टणक जमीन चेंडू फार पळवते, खऱ्या ग्रीनवर गवत त्याला धरतं. म्हणून दोन-तीन बारदाने उसवून, शिवणी काढून, टोकाला टोक जोडून ताणून खिळे ठोका आणि आठवड्यातले निम्मे दिवस त्यावर खेळा. ग्रीन किती पळतं हे मोजायचं साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये बनवलं. आज ते असं असतं: ३६ इंचांची खाचेची पट्टी, खालच्या टोकापासून ३० इंचांवर चेंडूसाठी खोबण. पट्टी हळूहळू उचलायची, सुमारे २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि जितके फूट लोळतो तो ग्रीनचा आकडा. खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर असं साधन घरी होतं. त्याचा आकडा मैदानाच्या आकड्याशी ताडू नका, पण सारवणावर किती आणि बारदानावर किती, हा फरक त्यानं नेमका कळतो. तीन चेंडू एका दिशेनं, तीन उलट दिशेनं सोडून सरासरी काढा. दोन दिशांत मोठा फरक आला तर तुमची सपाट पट्टी सपाट नाही.

उताराच्या बाबतीत आपल्या पोरांची बाजू भक्कम आहे. संत्र्याच्या बागेला दांडानं पाणी देणाऱ्या कास्तकाराच्या घरातलं मूल पाणी कुठं वळेल हे डोळ्यांनी ओळखतं. ग्रीन वाचणं हीच विद्या आहे. पट्टीच्या शेवटच्या दहा फुटांना एका बाजूनं उतार द्या. मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीनं मोजून दहा फुटांत अडीच इंचांच्या आत ठेवा, तो सुमारे दोन टक्के होतो. तीन टक्क्यांच्या वर होलभोवती चेंडू थांबत नाही. आधी तांब्याभर पाणी ओतून धार कशी वळते पाहा, मग चेंडू मारा. जमीन वाळल्यावर, अर्थात. चढावर चेंडू जोरात निघतो म्हणून कमी वळतो. उतारावर तो हळू सोडावा लागतो, जास्त वेळ लोळतो आणि जास्त वळतो. शिकणारे बहुतेक वेळा वळण कमी धरतात आणि चेंडू होलच्या खालच्या बाजूनं जातो. तिथून तो दूरच जात राहतो. वरच्या बाजूनं गेलेल्याला निदान होलकडे वळायची संधी असते, म्हणून शंका आली की वळण थोडं जास्त धरावं.

वेळ कशावर द्यायचा? अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतले, अव्वल खेळाडू तीन फुटांवरून जवळजवळ सगळे पट टाकतात, आठ फुटांवरून निम्मे, आणि वीस फुटांवरून सातातला एखादा. हे आकडे मुलांना आधी सांगावेत. वीस फुटांवरून चेंडू पडत नाही म्हणून हिरमुसण्याचं कारण नाही. तीन फुटांवरून दहात तीन चुकत असतील तर मात्र सगळं सोडून तिथं बसलं पाहिजे. त्यासाठी उतारावरच्या होलभोवती तीन फुटांवर चार खुणा करा, वर, खाली आणि दोन बाजू. चारही ठिकाणांहून सलग तीन फेऱ्या, बारा चेंडू. एक चुकला की पहिल्यापासून. अकरावा चेंडू मारताना हात कसा थरथरतो तो अनुभव मुलांना आवारातच मिळालेला बरा.

रोज अर्धा तास खूप झाला: दहा मिनिटं पट्टी किंवा खिळे, दहा मिनिटं रेघा, दहा मिनिटं होलभोवती. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरकावं. दर रविवारी परीक्षा: ३, ५ आणि ८ फुटांवरून दहा-दहा चेंडू, जागा दर वेळी बदलून, आणि २५ फुटांवरून दहा, त्यातले किती होलच्या तीन फुटांत थांबले ते. चार आकडे वहीत तारखेसह लिहा. चुकलेल्या प्रत्येक चेंडूपुढं उजवा, डावा, आखूड किंवा लांब असं एक अक्षर टाका. महिन्यानं त्या अक्षरांकडे पाहिलं की पुढच्या महिन्यात काय करायचं ते शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. वही नसलेला सराव म्हणजे नुसता चेंडू ढकलणं, आणि दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी तेच चालतं.

पावसाळ्यात पट्टी मेणकापडानं झाकून ठेवा आणि ओसरीवर या. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर चेंडू वाकतो, तेव्हा लांब पट तिथं नकोत. स्टीलची पट्टी आणि खिळ्यांऐवजी दोन खडूचे तुकडे एवढं एकाच फरशीवर बसतं. मृग ते पोळा दिशेचं काम, पोळ्यानंतर पुन्हा सारवण आणि जोराचं काम, अशी विभागणी सोयीची पडते.

संपादक महोदय, आपल्या क्रीडापानाचा आठवड्याला एक रकाना अशा सरावाला द्यावा, आणि गोल्फइतकाच तो नेमबाजी, तिरंदाजी यांनाही मिळावा, ही विनंती. ज्या शाळांकडे मोकळी जागा आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुटीआधी एक ३५ फुटी पट्टी आखून घ्यावी. मुरमाचा ब्रासभर खर्च आणि पाइपचा एक तुकडा, याहून जास्त काही लागत नाही.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक,
जि. यवतमाळ